आक्का गेल्याचं वाचून

अनगोळ, बेळगाव
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सुविधा हिस,
सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर तुझ्या ओळखीचं नसणार. मी भीमरत्न, तुझा मामा. तू आठवीत गेलीस त्या वर्षापासून आपलं येणं-जाणं बंद आहे, म्हणून ओळख सांगितली. नातेवाइकांच्या लग्नात मी तुला लांबून बघतो. तुझी आई, माझी आक्का, आणि मी एकाच मांडवात पाठीला पाठ लावून बसतो, हे तुला ठाऊक आहेच. बसतो असं लिहिलं, बसायचो असं लिहायला पाहिजे.

डेपोत आमचा रवळू नावाचा कंडक्टर आहे, वाचणारा माणूस. त्यानं काल दिवाळी अंक आणून दिला आणि म्हणाला, "कंट्रोलरसाहेब, ही निपाणीची सुविधा तुमच्यातलीच काय ओ?" फोटो बघितला. नाक आक्काचंच. तू लिहिलेलं अभिमानानं वाचायला बसलो, आणि शेवटच्या पानावर कळलं की आक्का गेली.

पोरी, मला कुणी सांगितलं नाही. पावसाळ्यात गेली असं लिहिलंयस. म्हणजे त्यानंतर कितीतरी महिने मी स्टँडवर मायकात "निपाणी, कोल्हापूर" म्हणून ओरडत गाड्या सोडत होतो, आणि निपाणीत आक्का नव्हती.

तुमच्यावर रागावलो नाही. तीच म्हणाली असेल, त्याला कळवू नका म्हणून. दुसऱ्या कुणाला विचारावं म्हटलं तर तेही जमेना. लोक म्हणणार, सख्ख्या भावालाच ठाऊक न्हाय.

तू तिचं नाव बदलून शांताबाई केलंस. पण मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना पायाचा अंगठा हलवत बसणारी बाई दुसरी कोण असणार? वाचताना नाकात तंबाखूचा वास आला. इतकं चांगलं लिहिलंयस.

एकच खटकलं, ते लिहू का? "ती शेवटपर्यंत कुणाला उलटून बोलली नाही," असं तू लिहिलंयस. मायेपोटी लिहिलंस, समजतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं. पण आक्का तशी नव्हती गं.

तिच्या मागं पुण्यानुमोदन कधी केलं ते कळव. पुढच्या वर्षी त्या तारखेला मी आलो तर चालेल का? आणि शेवटी तिनं माझं नाव काढलं होतं का? नसेल काढलं तर तसंच लिही. खोटं लिहू नको.

तुझी मामी पूर्णिमा कालपासून जेवलेली नाही.

तुझा मामा
भीमरत्न


निपाणी
२१ नोव्हेंबर २०२४

ति. मामांना,
सविनय जय भीम.

आई जिवंत आहे. आधी हे मामींना सांगा, मग पुढचं वाचा.

आई जिवंत आहे आणि ठणठणीत आहे. आत्ता बाहेरच्या खोलीत शेजारच्या जयाबाईंशी भांडते आहे, कारण जयाबाईंनी न विचारता तिच्या दोऱ्याचं रीळ घेतलं. तिचा आवाज या पत्रात भरून पाठवता आला असता तर बरं झालं असतं.

तुमचा फोन नंबर घरात कुणाकडेच नाही. म्हणून मी शिकवते ती शाळा सुटल्या सुटल्या स्पीड पोस्टानं हे पाठवते आहे. माझा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. कृपा करून फोन करा.

मामा, ती कथा आहे. पानाच्या वर बारीक अक्षरांत तसं छापलंय, पण ते कुणी बघत नाही हे आता कळलं. "माझी आई" असं लिहिलं की वाचणाऱ्याला जवळचं वाटतं, म्हणून मी तसं लिहिलं. त्यावर खरोखर कुणी दुखवट्याचं पत्र पाठवेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

कशी माफी मागू ते समजत नाही. मी घरातली पहिली पदवीधर. विड्या वळणाऱ्या बायकांचं दुःख मी नाही लिहिलं तर कोण लिहिणार, असं मला मनापासून वाटतं. कथा आल्यावर लोकांचे फोन आले. सगळे एकच सांगायचे, शेवट वाचून रडलो. संपादकही म्हणाले की आईचा मृत्यू हीच कथेची ताकद आहे. प्रत्येक फोननंतर मला वाटायचं, जमलं. तुमचं पत्र वाचून पहिल्यांदाच असं झालं की वाचक रडला आणि मला भीती वाटली.

आईला तुमच्या पत्राबद्दल सांगितलेलं नाही. काय सांगू?

आणि एक विचारते. "आक्का तशी नव्हती," म्हणजे कशी नव्हती?

तुमची
सुविधा


अनगोळ
२७ नोव्हेंबर २०२४

चि. सुविधा,
जय भीम.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ड्यूटीवर होतो. पूर्णिमानं ते फोडलं आणि रिक्षा करून स्टँडवर आली. कंट्रोलरच्या खिडकीत तोंड घालून ओरडली, "अवो, आक्का हाईत!" मला वाटलं आक्का स्टँडवर आली आहे. तसाच बाहेर पळालो. प्लॅटफॉर्मवर सगळीकडे बघितलं. मग पूर्णिमानं पत्र हातात दिलं. त्यात धारवाडची गाडी माझ्यामुळं उशिरा सुटली.

इकडे काय झालं होतं ते ऐक. चार माणसं येऊन माझ्याजवळ बसून गेली होती. आमच्या वस्तीतल्या धर्मराजअण्णांनी भाकरी-आमटी आणून दिली होती. बहिणीचा फोटो मागितला होता, विहारात ठेवायला. माझ्याकडं तिचा एकटीचा फोटो नाही, म्हणून अडलं होतं, नाहीतर तेही झालं असतं. आता मला घरोघरी जाऊन सांगावं लागलं की बहीण जिवंत आहे. धर्मराजअण्णा म्हणाले, "मग माझी आमटी परत दे." आणि मग खांद्यावर हात ठेवून लई वेळ हसले.

त्या दिवशी मी दोन वेळचं एकदम जेवलो.

आता रागाचं बोलतो. तू तिला मारलंस कशाला? मी काही शिकलेला टीकाकार नाही, पण गेली कित्येक वर्षं स्टँडवर वेळ काढायला वाचत आलो आहे. दिवाळी अंकातल्या गरीब आया शेवटच्या पानावर मरतात हे मला माहीत आहे. पान उलटायच्या आधीच कळतं, आता ही खोकणार. आक्का म्हणून मी रडलो. परकी बाई असती तर पान उलटून पुढची कथा वाचली असती. तू चिडशील, पण खरं सांगतो.

"कशी नव्हती" म्हणून विचारलंस. ऐक. तुला आठवीला कानडी शाळेत घाल, पुढं सरकारी नोकरी मिळेल, असं मी आक्काला सांगितलं. मराठीत शिकून पोरगी सूपच घेऊन बसणार, असंही बोललो. त्यावर आक्का काय म्हणाली ठाऊक आहे? "माझी पोरगी काय शिकती ते मला ऐकून तरी कळाय पाहिजे. मला कळंल त्याच भाषेत ती शिकंल. आणि तू पुन्हा ह्या उंबऱ्यात येऊ नको." गल्ली गोळा झाली होती. ही बाई कुणाला उलटून बोलत नाही म्हणे!

मी तेव्हाही बरोबर होतो, आजही आहे. नोकरीचं बघ, तुझ्या शाळेत तुला कायम केलंय का अजून?

फोन करणार नाही. तू तो आईच्या हातात देशील. मी रडलो हे तिला सांगू नको.

मामा


निपाणी
५ डिसेंबर २०२४

ति. मामांना,
सविनय जय भीम.

मामींना माझा नमस्कार सांगा. त्या रिक्षा करून आल्या हे वाचून मी हसले, आणि मग मला वाईट वाटलं.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. राग आला, हे लपवत नाही. तुम्ही एकटेच असं म्हणता आहात. बाकी सगळ्यांना कथा आवडली. एका प्राध्यापकांनी लिहिलं की शेवट हेलावून टाकणारा आहे. आणि विड्या वळणाऱ्या बायका खोकून मरत नाहीत का? आमच्या गल्लीतून किती गेल्या, तुम्हालाही ठाऊक आहे. ते लिहायचं नाही का?

आईबद्दल म्हणाल, तर मला ती भांडखोर दाखवायची नव्हती. लोकांनी तिच्याकडे आदरानं बघावं असं मला वाटत होतं. भांडणाऱ्या गरीब बाईला लोक हसतात, मामा. मला तिच्यावर कुणी हसायला नको होतं.

एक बातमी आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी येळ्ळूरच्या साहित्य संमेलनात मला कथाकथनाला बोलावलं आहे. ही कथा वाचूनच बोलावलं. आयोजक म्हणाले, तीच सांगा, मांडवात एकही डोळा कोरडा राहता कामा नये. माझ्यासाठी हे फार मोठं आहे. आईलाही घेऊन जाणार आहे. अडचण एकच. आईला मी कथा वाचून दाखवली, पण शेवटचं पान सोडून. शांताबाई आजारी पडते तिथंच थांबले आणि "संपली" म्हणाले. तिला वाईट वाटेल म्हणून. आता येळ्ळूरला ती समोर बसेल तेव्हा काय करायचं ते सुचत नाही. तिला मामींबरोबर जरा वेळ बाहेर नेता येईल का, असंही मनात आलं. तुम्ही येणार का?

तुमची
सुविधा


अनगोळ
१२ डिसेंबर २०२४

चि. सुविधा,
जय भीम.

तुझ्या आईला बाहेर नेणार नाही. ती जाणारही नाही.

जे पान तुला आक्कासमोर वाचता येत नाही, ते तू छापलंस कसं? मराठी शाळेपायी ती माझ्याशी भांडली, कशासाठी? तू शिकलेलं तिला ऐकून कळावं म्हणून. मला तिचं म्हणणं पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण तू मोठी होऊन लिहितेस, आणि तिलाच सोडून सगळ्यांना ऐकवतेस. मग माझं ऐकून कानडी शाळेत घातली असती तरी काय फरक पडला असता?

टोचलं असेल. टोचू दे.

खोकून मरणाऱ्या बायका आहेत, हे खरं आहे. त्यांच्यावर लिही. पण त्या खोकायच्या आधी काय बोलायच्या, ते मला तुझ्या कथेत कुठंच सापडलं नाही. आदराचं म्हणालीस, म्हणून एक सांगतो.

मी तेव्हा कंडक्टर होतो, नोकरीत नवा. निपाणी-बेळगाव गाडी, अंगात कोरी खाकी. निपाणीत आक्का पिशवी घेऊन चढली. ती आपल्या आईकडे निघाली होती. मी साहेबी आवाजात विचारलं, "कुठं जायचं?"

"कुठं म्हंजे? आईकडं. तुला आई कुठं राहती ठाऊक न्हाय व्हय रं?"

गाडी हसायला लागली. माझे कान तापले. म्हणालो, "बाई, तिकीट घ्या."

"बाई? ऐका ओ समद्यांनी! ह्याचा शेंबूड मी पदरानं पुसलाय, आन् आज मला बाई म्हणतोय!"

बायकांच्या जागेवर दोन कॉलेजची पोरं बसून दात काढत होती. आक्का त्यांच्याकडं वळली. "तुमी काय हसताय? वर काय लिवलंय वाचा की."

एकजण म्हणाला, "मावशी, ते कानडीत हाय."

"मला कानडी वाचाय येत न्हाय, मराठीबी येत न्हाय. तरी मला कळतंय. उठा!"

उठली दोघं. भरमू ड्रायव्हर तवंदी घाट संपेपर्यंत हसत होता. आक्कानं तिकीट काढलं आणि बेळगावपर्यंत खिडकीत राणीसारखी बसून आली. त्या गाडीत तिला हसला नाही असा माणूस नव्हता, आणि तिचा आदर वाटला नाही असाही नव्हता. मी चिडलो होतो, पण पुढं कितीतरी दिवस भरमू दुसऱ्या ड्रायव्हरांना सांगायचा, "ह्याची बहीण बघाय पाहिजे," आणि मला बरं वाटायचं.

पटलं तर घे. नाहीतर सोड. येळ्ळूरला यायचं जमेल असं वाटत नाही, त्या रविवारी ड्यूटी आहे.

मामा


निपाणी
१४ जानेवारी २०२५

ति. मामांना,
सविनय जय भीम.

महिनाभर उत्तर दिलं नाही, क्षमा करा. पहिले काही दिवस राग होता. मग राग गेला आणि लिहायला सुरुवात झाली, आणि लिहिताना दुसरं काही लिहिता येईना.

शांताबाईचं सगळं पुन्हा लिहिलं. पहिल्या पानावरच ती बोलायला लागली, आणि मग थांबेचना. माझ्या पहिल्या कथेत ती गप्प का होती ते मला तेव्हा कळलं. तिला बोलू दिलं असतं तर ती माझ्या शेवटाकडे गेलीच नसती. "मी न्हाय मरत जा," म्हणाली असती. कथा माझ्या मनासारखी संपावी म्हणून मी तिचं तोंड बंद केलं होतं.

नवी कथा संपादकांना पाठवली. त्यांना आवडली नाही. म्हणाले, "छान आहे, पण तुमच्या वाचकाला पहिलीच लक्षात राहील. येळ्ळूरला तीच सांगा." त्यांचं मत मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरले. ते चांगले संपादक आहेत, त्यांच्यामुळेच मी छापून आले. पण कुणाचं ऐकायचं हे ठरवण्याआधी मला एक काम करणं भाग होतं.

परवा दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत नेहमीसारख्या बायका विड्या वळत बसल्या होत्या. मी अंक घेऊन बसले आणि म्हणाले, "आई, शेवटचं पान राहिलं होतं, ते वाचते." वाचून झालं. जयाबाई आईला म्हणाल्या, "अगं बया! सुला, तू मेलीस की!"

आई मान वर न करता म्हणाली, "फुडं वाच."

"पुढं नाही काही. संपली."

"संपली? मरताना मी काय बोलले?"

"काही नाही. शांतपणे डोळे मिटलेस."

"शांतपणे! सुलाबाई!" जयाबाई इतक्या हसल्या की मांडीवरचं सूप कलंडलं, तंबाखू सांडली. सगळ्याच हसायला लागल्या. आई हसली नाही. मला म्हणाली, "मेले ते असू दे, मरायचं हायच कधीतरी. पण एवढी पानं मी तोंड उघडलं न्हाय? मुकी हाय व्हय गं मी? कुणाला पटंल हे?"

मामा, तिनं अगदी तुमचंच म्हणणं सांगितलं. तुम्ही इतकी वर्षं बोलत नाही, पण कथेबद्दल दोघांचं एकच मत.

मग मी नवी वाचली. हात चालू ठेवूनच ऐकत होत्या, मधेमधे "व्हय व्हय" म्हणत होत्या. बसचा प्रसंग आला आणि हसण्यात मला माझाच आवाज ऐकू येईना. मी वर बघितलं तर आईचे हात थांबले होते. विडीचं पान तसंच चिमटीत, अर्धवट वळलेलं.

"ही गोष्ट तुला कुणी सांगितली?"

"सुचली," मी म्हणाले.

"सुचली व्हय? भरमू ड्रायव्हर बी सुचला?"

मी नाव बदलायचं विसरले होते. मग सगळं सांगावं लागलं. तुम्ही नको म्हणाला होतात, पण तिच्यासमोर आता मला एकही पान सोडता येईना.

ती उठून आत गेली. मी दाराशी जाऊन उभी राहिले. ती पाठमोरी उभी राहून तांब्यातलं पाणी पीत होती.

"मी मेले म्हणून रडला व्हय?"

"हो."

"लई?"

"पत्रातनं कसं कळणार? मामी जेवल्या नव्हत्या."

"पूर्णिमा चांगली हाय पहिल्यापासनं," ती म्हणाली. मग बाहेर येऊन पुन्हा सूप मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "कागद काढ. मी सांगते ते लिही. सुधारून लिवू नको." ते पत्र यासोबत वेगळ्या कागदावर आहे. एक अक्षरही सुधारलेलं नाही.

येळ्ळूरला मी नवीच सांगणार आहे. मांडवातले डोळे कोरडे राहिले तर राहू देत. फक्त संपादकांना पाठवला होता तो शेवट आता पटत नाही, आणि नवा अजून सापडलेला नाही.

तुमची
सुविधा


निपाणी
(सोबतचा कागद, १२ जानेवारी २०२५)

भिमू, जय भीम.

मी सुला. जित्ती हाय.

तू पोरीला लिवलंस की आक्कानं तिकीट काढलं. खोटं. माझ्याकडं सुटं न्हवतं आन् तू तुझ्या खिशातलं घालून मला तिकीट फाडून दिलंस, वर डोळं वटारून बघितलंस. हे का न्हाय लिवलं? स्वताचं चांगलं सांगायला लाज वाटती व्हय तुला? पोरगीनं खोटंच लिवून ठेवलंय आता. मी सुधारून घेतलंय.

मी मेल्यावर रडलास म्हणं. जित्तेपणी यायला काय झालतं? बेळगावची गाडी तूच सोडतोस न्हवं? त्यातल्या एकीत बसायचं.

उंबऱ्यात येऊ नको म्हणले, हे खरं हाय. मी रागात म्हणले. तू एवढा मनावर घेशील हे मला काय ठाऊक. धाकटा हाईस, यायला पायजे होतास, मी वराडले असते, मग च्या केला असता.

शाळंचं मात्र मीच बरोबर होते. पोरगी काय लिवती ते मला कळलं. कळलं म्हणून तर तिला बोलले.

पोरी, हे वाचून भिमू हसंल व्हय गं? हे मी तुला इचारते, लिवू नको. लिवलंस व्हय? बरं ऱ्हाऊ दे.

येळ्ळूरला ये. ड्यूटी असली तर बदलून घे. पूर्णिमाला आण.

सुलाबाई


अनगोळ
४ फेब्रुवारी २०२५

चि. सुविधा,
जय भीम.

ड्यूटी रवळूच्या ओळखीनं बदलून मिळाली, हे तुला कळलंच आहे. रवळू स्वतःही आला होता. कार्यक्रमानंतर तुझ्याभोवती माणसं होती आणि परतीची गाडी सुटायची होती, म्हणून कथेबद्दल बोलता आलं नाही. तू विचारलं होतंस, म्हणून लिहितो.

आधी जे आवडलं नाही ते. मधे कारखान्यात विड्या मोजून घेतात तो भाग लांबला. पुढच्या रांगेतली पोरं तिथं चुळबुळ करायला लागली. अध्यक्षांनीही तेच सांगितलं, ते मला पटलं. मात्र वेदना कमी पडली असं ते म्हणाले, ते पटलं नाही. मालुबाई म्हणून येळ्ळूरच्याच एक म्हाताऱ्या बाई माझ्या पुढं बसल्या होत्या. सगळ्या हसत होत्या तिथं त्याही हसत होत्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावत होत्या. अध्यक्ष वर व्यासपीठावर बसतात, त्यांना तिथून दिसलं नसेल.

तू बसचा प्रसंग सांगायला लागलीस तेव्हा सगळा मांडव हलला. "मला कानडी वाचाय येत न्हाय, मराठीबी येत न्हाय," म्हटल्यावर टाळ्या पडल्या. आणि कंडक्टरनं खिशातले पैसे घातले, असंही सांगितलंस. रवळूनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं, पण ठेव. खरं आहे ते.

आता तुझी आई. ती बायकांच्या बाजूला बसली होती. मी मागं खांबाजवळ बसलो होतो. बसचा प्रसंग संपल्यावर पूर्णिमा उठून तिच्याकडं जायला निघाली, तेवढ्यात तीच उठून आली. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलेल. मी इतके दिवस मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. ती माझ्यासमोर उभी राहिली, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "सरक."

मी सरकलो. ती बसली.

मग तिनं बोलायला सुरुवात केली. मी केस पिकू दिले म्हणून बोलली. पूर्णिमा वाळली म्हणून मला बोलली. आमच्या आईच्या शेवटच्या आजारपणातलं काहीतरी सांगितलं, ते मला ठाऊक नव्हतं. मधेच स्टेजकडं बोट करून, "ही माझी हं," असं शेजारच्या बाईला सांगितलं, त्या बाईनं विचारलेलंही नव्हतं. लोक मागं वळून "श्श" करत होते. ती त्यांनाही बोलली.

त्यामुळं तुझा शेवट मला ऐकू आला नाही. टाळ्या पडल्या तेव्हा कळलं की संपलं. पूर्णिमालाही विचारलं, तिलाही ऐकू आला नाही. रवळूला विचारणार होतो, पण नको वाटलं.

या रविवारी आम्ही दोघं सकाळच्या निपाणी गाडीनं येतो आहे. आक्काला आधी सांगू नको, नाहीतर ती दोन दिवस स्वयंपाक करत बसेल. किंवा सांग. तुला योग्य वाटेल तसं कर.

शेवट तेव्हा वाच. ती मधे बोलणारच. तू थांबत थांबत वाच.

तुझा
मामा